पथ्याची एकादशी

वडिलांना मधुमेह निघाला तेव्हा शहाद्याच्या डॉक्टरांनी धान्य कमी करायला सांगितलं. आईच्या लेखी धान्य सोडणं म्हणजे उपास. तिने दुसऱ्याच दिवसापासून वडिलांना एकादशी लावली. सकाळी साबुदाण्याची खिचडी, संध्याकाळी उकडलेली रताळी आणि मधल्या वेळेला घरच्या बागेतली केळी. आमच्या ताटातली भाकरी दिसली की वडील आम्हा पोरींवरच ओरडायचे. मला तर साबुदाण्याच्या नुसत्या वासानेही संताप यायचा.

महिन्याने पुन्हा तपासलं तर साखर वाढलेलीच. वडील काय काय खातात ते आईने मोठ्या तोऱ्यात सांगितलं आणि डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

"अहो बाई, साबुदाणा, रताळी, केळी हेच तर आवरायचं! ज्वारीची अर्धी भाकरी द्या. वांग्याचं भरीत, मेथी, ताक पोटभर द्या. आखाजीच्या सणाला पुरणाचे मांडे केलेत तर चतकोर त्यांनाही द्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा पथ्य."

"मंग मन्हा नशीबमा भाकर शे ना?" वडील पुन्हा पुन्हा विचारत राहिले. हसताना त्यांचे डोळे भरून आले होते.

त्या संध्याकाळी आईने भाकरी मोडून अर्धी त्यांच्या ताटात वाढली. उरलेली अर्धी घेऊन ती चुलीपाशीच बसली आणि अशी घाईघाईने खाऊ लागली की आम्ही बघतच राहिलो. महिनाभर तिनेही भाकरीला हात लावला नव्हता, आणि ते आमच्यापैकी कुणालाच दिसलं नव्हतं.