व्हिस्की, सिगार आणि पाचवं शील

लखनौच्या छावणीतल्या एका ऑफिसर्स मेसमध्ये माझे वडील बारमन होते. आम्ही नागपूरकडचे बौद्ध. घरात दारूचा थेंब चालायचा नाही. ओतून देणं वेगळं आणि पिणं वेगळं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घालून घेतली होती. कुठल्या दारूबरोबर कुठला सिगार द्यायचा, ते सगळं काम नाकावर चाले. साखर आणि संत्र्याची साल घातलेल्या ओल्ड फॅशन्ड कॉकटेलशेजारी जाड, काळपट सिगार. लिंबाच्या व्हिस्की सावरबरोबर मात्र हलका, फिकट. सिगार सुकलाय का ते ऐकायला कानाशी धरून हळूच दाबायचे, मग हुंगायचे. अंदाज चुकल्याचं कधी ऐकलं नाही.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीचा हिवाळा, मी सातवीत होते. रविवारी दुपारी मेसच्या हिरवळीवर नव्या बड्या साहेबांनी व्हिस्की सावरबरोबर काळा सिगार मागितला. वडील म्हणाले, “साहब, नींबू के साथ ये कड़वा लगेगा.”

“तुमने पीकर देखा है?”

“नहीं साहब, सूँघकर.”

सगळे हसले. साहेबांनी ग्लास पुढे केला. “पियो. फिर समझाना.”

नोकरी गेली तर क्वार्टर जाणार, आमच्या शाळा सुटणार. वडिलांनी एक घोट घेतला. कसं आहे विचारल्यावर, “नींबू ज़रा कम है, साहब,” एवढंच म्हणाले. हे त्यांनीच आईला सांगितलं, घरी आल्या आल्या, दारातच उभं राहून.

त्या संध्याकाळी बुद्धवंदनेला पंचशीलातली चार शीलं आमच्याबरोबर म्हणाले आणि दारूच्या पाचव्याला गप्प बसले. पुढेही ते पाचवं कधी म्हणाले नाहीत. आई समजवायची, जबरदस्तीचा घोट तो, शील पुन्हा घेता येतं. ऐकतील तर शपथ! मला भयंकर राग यायचा. हा ताठा त्या हिरवळीवर का नाही दाखवला, असं एकदा तोंडावर बोललेही.

सहा-सात वर्षांनी त्यांचं लिव्हर बिघडलं. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी काम काय करता ते विचारलं, मग म्हणाले, “पी है कभी?”

“हाँ.”

मी ओरडलेच, “डॉक्टर साहब, सिर्फ़ एक घूँट, वो भी ज़बरदस्ती!”

वडिलांनी माझं मनगट धरलं. हातात जोर नव्हता. “मी खोटं कुठं बोललो? खोटं न बोलायचं चवथं शील तरी राहू दे माझं.”

“बारमैन और एक घूँट,” डॉक्टर हसले आणि पुढच्या खाटेकडे वळले.

चौथ्या दिवशी वडील गेले. जन्मात एक घोट घेतलेल्या माणसाच्या शेवटच्या कागदावर कारण लिहिलं होतं, दारू. त्या कागदावर सही करून तो मीच ताब्यात घेतला.