टाळूवरचं तेल

बाळ जन्मून आठवडाही झाला नव्हता. त्याचा डावा हात एकसारखा उडायला लागला, तेव्हा माझी आई म्हणाली, "सटवी खेळयता गो तेका, भिया नको." खेळवते म्हणे! पण डोळे एका बाजूला फिरले तशी तिचीही वाचा बसली. शिरोड्यात गाडी केली आणि हद्दीवरचा इन्सुलीचा नाका ओलांडून गोव्याचं मोठं इस्पितळ गाठलं.

झटक्यांचं औषध गेल्यावर हात थांबला. मला हायसं वाटलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अंग थांबलं म्हणजे मेंदू थांबला असं नाही. डोक्याला तारा लावून बघायलाच हवं."

सिस्टर तारा चिकटवू लागल्या, तर एक राहील तर शपथ. लावली की घसरली. त्यांनी टाळूवर बोट फिरवलं. "तेल कुणी घातलं?"

गाडी दारात उभी असताना आईने टाळू भरली होती. आमच्याकडे कोरड्या टाळूने मूल घराबाहेर काढत नाहीत. मी तडकलेच. "आये, तुका अक्कल आसा काय? झील मरणाच्या दारात आणि तुका तेल सुचता!" ती पदराला हात पुसत राहिली.

सिस्टर डोकं पुन्हा पुन्हा पुसत होत्या. बाळ गाढ झोपलेलं, कुणीही म्हणावं बरं आहे. शेवटी तारा धरल्या, यंत्राचा पडदा लागला आणि त्यावर रेषा नुसत्या थयथयत होत्या. एवढ्या शांत बाळाच्या आत झटके चालूच होते! आणखी औषध गेलं. आम्ही दोघी पडद्याला डोळे लावून बसलो. आईचं एकच चाललेलं, "वेतोबा, माका ने, पण ह्येका सोड."

दुसऱ्या दिवशी रेषा निवल्या आणि निवलेल्याच राहिल्या. डॉक्टरीणबाईंनी तारा काढायला सांगितलं. पण चिकटवलेलं सगळं जावळात वाळून कडक झालेलं. सिस्टर म्हणाल्या, "खोबरेल आहे का कुणाकडे? त्याशिवाय हे सुटायचं नाही."

आईने पिशवीतून बाटली काढली. काढली खरी, पण पुढे होईना. माझ्याकडे बघत राहिली.

"घाल गे आये," मी म्हटलं आणि मला रडूच फुटलं.

तिची बोटं टाळूवर टेकली. बाळाने हात उडवला आणि भोकाड पसरलं. आम्ही दोघींनी आधी पडद्याकडे पाहिलं. तो बंद होता.