वहिनीचं कशावरून

आमच्या वहिनीचा कशावर म्हणून विश्वास नाही. मी "दार लावलंय" म्हटलं तरी ती उठून कडी ओढून बघते. डॉक्टरांनी ताप नाही म्हटलं तर त्यांच्या थर्मामीटरकडे संशयाने पाहते. लग्नाआधी दादा तिला म्हणाला, "मला तू आवडतेस." तर ही म्हणाली, "कशावरून?" दादा आजतागायत पुरावे देतोय.

हा स्वभाव एरवी कुणी खपवून घेतला नसता, पण नोकरीत तिला पगार त्याचाच मिळतो. ती विज्ञान संग्रहालयं आणि तारांगणं उभी करते. कुठली वस्तू कुठे ठेवायची, लोकांनी ती कशी हाताळायची, उजेड कुठून पडायचा, हे सगळं तिचं काम. बटण बसवलं की लोक ते दाबतील असं ती धरून चालत नाही; उपटतील, चाटतील, त्यावर च्युइंगगम चिकटवतील असं धरते. तारांगणाच्या घुमटाखाली खुर्च्या बसल्या, तेव्हा ती एकेका खुर्चीत जाऊन आडवी झाली. पुढच्याच्या डोक्यामागे किती आकाश झाकलं जातं ते तिला बघायचं होतं. ते पुढचं डोकं म्हणून मला नेलं होतं. माझी मान आठवडाभर धरली होती.

आणि एवढं करून भागत नाही. दालन उघडलं की ही खांबाआड उभी राहते. कोण थांबतं, कोण पाटी न वाचताच पुढे सटकतं, कोण मुलाला उगाच खेचून नेतं, यावर तिचा डोळा. दुकानात चोरावर ठेवतात तशी पाळत.

आमच्या आईला हे काम मुळीच पसंत नव्हतं. शेजारीपाजारी कुणी विचारलं तर ती म्हणायची, "सून ना? खेळणी करते." तेही नाक मुरडून. वहिनी ऐकून न ऐकल्यासारखं करायची. दोघींचं भांडण कधी झालं नाही, पण स्वयंपाकघरात दोघी एकदम असल्या की मी आपली बाहेर बसायचे.

संग्रहालयात वहिनीचा जीव कशात असेल तर लोलकात. मधल्या दालनात, उंच छतापासून तारेला टांगलेला पितळी गोळा. तो सावकाश झुलतो. खाली गोल खळग्यात कडेने लाकडी खुंट्या उभ्या केलेल्या. पृथ्वी फिरते तशी लोलकाची झुलण्याची रेघ हळूहळू सरकल्यासारखी दिसते आणि बऱ्याच वेळाने गोळा पुढच्या खुंटीला टेकून तिला पाडतो. बस, एवढंच. शाळेत बाईंनी पृथ्वी फिरते म्हणून सांगितलं तेव्हा वहिनीने "कशावरून?" विचारलं होतं आणि तास संपेपर्यंत बाहेर उभी राहिली होती. मी स्वतः शाळेत भूगोल शिकवते. मलाही तिने तेच विचारलं होतं. मी म्हटलं, "पुस्तकात आहे." त्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं की तो दिवस मी विसरलेले नाही. तिला ते उत्तर लोकांच्या डोळ्यांसमोर पाडून दाखवायचं होतं. त्या एका खुंटीसाठी ती साहेबलोकांच्या दारात कित्येक वर्षं खेटे घालत होती.

दालन उघडलं आणि पंचाईत झाली. खुंटी पडेपर्यंत लोक थांबेनात. "बंद दिसतंय," म्हणून पुढे जात. जेवताना वहिनी म्हणाली, "लोक थांबले नाहीत तर संचालक लोलक काढून टाकतील. तिथे व्हिडिओचा मोठा पडदा लावायचं चाललंय." दादाने चुकचुक केली. आई भात कालवत राहिली.

पुढे काही महिन्यांनी दुसरंच संकट उभं राहिलं. लोक थांबायला लागले, टाळ्याही वाजवायला लागले. पण संध्याकाळी वहिनी पाहते तर पडायला हव्यात त्यापेक्षा जास्त खुंट्या पडलेल्या. संग्रहालयाच्या सल्लागार समितीवरचे एक शास्त्रज्ञ तिला सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, तुमची पृथ्वी फार घाईत आहे." हसले सगळे. आणि ठरलं की समिती स्वतः येऊन बघणार. वहिनी सांगेल त्या वेळेला खुंटी पडली तर ठीक, नाहीतर लोलक खाली.

मग काय विचारता! आधीच संशयी, त्यात कारण मिळालं. तिने तार तपासली, गोळा झुलता ठेवणारा छतातला चुंबक तपासला, वाऱ्याची झुळूक येते का म्हणून उदबत्ती धरून धूर पाहिला. सगळं ठाकठीक. म्हणजे माणूस. पडदे विकणारा मनुष्य सारखा दालनात घुटमळतो, तो असेल. त्याने इलेक्ट्रिशियनला फितवलं असेल. रखवालदार सकाळी खुंट्या उभ्या करतो, तो का नसेल? एका रात्री तिने दादालाही विचारलं, "तू परवा दुपारी कुठे होतास?" दादा हसत सुटला, पण ती हसत नव्हती.

"वन्सं," ती मला म्हणाली. मला वन्सं म्हटलं की समजायचं, काम आहे. "उद्या सुट्टी आहे ना? चला माझ्याबरोबर."

दुपारी आम्ही दोघी खांबाआड उभ्या. पडदेवाला आला, जांभई देऊन गेला. रखवालदार जागचा हलला नाही. एक कुटुंब कठड्याला टेकून वाट बघत होतं. बाप कंटाळून निघाला होता. तेवढ्यात त्यांच्या बाजूच्या म्हातारीने छत्री पुढे केली आणि टोकाने पुढची खुंटी अलगद पाडली. मुलं ओरडली, "पडली, पडली!" म्हातारीने छत्री मागे घेतली आणि देवासारख्या निर्विकार चेहऱ्याने उभी राहिली.

ती आमची आई होती.

गुडघ्यांच्या व्यायामाला म्हणून ती रोज दुपारी बाहेर पडायची. महिने झाले तरी गुडघे सुधारत नव्हते, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली होती. पण ती इथे निघेल असं स्वप्नातही आलं नसतं. दालनात छत्री आणायला बंदी होती, मात्र आई ती काठीसारखी टेकत चालते, म्हणून तिला कुणी अडवलं नसणार. कठडा किती दूर हवा हे वहिनीने हाताच्या लांबीवरून काढलं होतं. छत्री तिने हिशेबात धरलीच नव्हती.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी पुढे निघाले तर वहिनीने माझा दंड धरला.

"घरातूनच," ती म्हणाली. "मी सगळ्या गावावर संशय घेतला. आणि हे घरातूनच."

"अगं, विचार तरी तिला."

"काय विचारू? त्यांना माझं काम नकोय, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे."

घरी वहिनी आईसमोर यायचं टाळू लागली. समिती यायच्या दिवशी मात्र गोड आवाजात म्हणाली, "आई, आज तुम्हीही चला ना." आई दचकली. दारापाशी वहिनीने तिची छत्री काढून रखवालदाराकडे दिली आणि स्वतःचा हात धरायला दिला. हातात छत्री नसताना सासू काय करते ते तिला बघायचं होतं. मला तिचा रागही आला आणि वाईटही वाटलं.

समिती कठड्याभोवती उभी राहिली. गोळा झुलत होता. वहिनीने सांगितलेली वेळ जवळ आली, पण खुंटी जागेवर. शास्त्रज्ञांनी घड्याळ पाहिलं. संचालक पडदेवाल्याशी काहीतरी कुजबुजले. आईची नुसती तगमग चालली होती. रिकाम्या मुठी वळत होती, उघडत होती, दाराकडे बघत होती. वहिनी लोलकाकडे बघतच नव्हती. ती आईकडे बघत होती.

"चला," संचालक म्हणाले आणि वेळ व्हायच्या आधीच वळले.

"थांबा हो जरा!" आई एकदम ओरडली. "अशी काय घाई करता? पडते ती. मी रोज येते. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय." इतकं धडधडीत खोटं बोलताना मी तिला आयुष्यात पाहिलं नव्हतं. "पोरीने वर्षानुवर्षं घासलंय यासाठी. दोन मिनिटं उभे राहिलात तर पाय मोडणारेत का?"

म्हातारीला कोण काय बोलणार? मंडळी थांबली.

आणि गोळा आला, खुंटीला टेकला. खुंटी डळमळली आणि आडवी झाली.

शास्त्रज्ञांनी घड्याळ पाहिलं, वेळ बरोबर होती; त्यांनी मान डोलावली. पण आई! आई कठडा धरून पाहतच राहिली.

"अगं बाई," ती म्हणाली. "ही तर आपोआप पडली."

वहिनीला कळायला क्षणभर लागला. मग ती अगदी हळू म्हणाली, "आई, म्हणजे तुम्हाला वाटत होतं, ती पडतच नाही?"

"कशी पडेल? पहिल्या दिवशी मी केवढी उभी होते. लोक बंद आहे, बंद आहे म्हणत निघून गेले. मला वाटलं, तुझं गणित चुकलंय." आईने पदराने नाक पुसलं. "चारचौघांत तुझं हसं नको व्हायला. म्हणून आपलं... मी असेपर्यंत, छत्रीने."

ती रोज पुढची खुंटी आधीच पाडून ठेवायची, म्हणून गोळ्याला पाडायला खुंटीच उरायची नाही. इतके महिने उभी राहूनही तिने ते एकदाही पाहिलं नव्हतं.

वहिनीने आडव्या खुंटीकडे एकदा पाहिलं, मग आईकडे. कशावरून, असं तिने विचारलं नाही. समिती चहाला गेली, संचालक तिला बोलावत होते, तरी ती हलली नाही.

"घरी जायचं ना, आई?" मी विचारलं. "छत्री आणू?"

"नको," आई म्हणाली. "अजून एक पडू दे."

वहिनी खांबाआड गेली नाही. सासूशेजारी कठड्याला टेकून उभी राहिली.