माशांची हवा

आज लातूरच्या फ्लॅटमध्ये पेस्ट कंट्रोल झालं. तो उग्र वास नाकात गेला आणि नांदेडचं घर आठवलं.

माझे वडील, अण्णा, जाऊन तेव्हा महिनाच झाला होता. त्यांचा फिश टँक बैठकीत होता. फवारणीवाला म्हणाला, "टँक झाका, अन् हवेची मोटर बंद करा. न्हाई तर ती खोलीतली औषधाची हवा पाण्यात सोडंल." मी ओली चादर टाकली, कडांना चिकटपट्टी लावली. बटणाकडं हात नेला, तशी आई म्हणाली, "हवा नको रे बंद करू."

दवाखान्यात अण्णांचा ऑक्सिजन काढायला मी हो म्हणालो, तेव्हाही ती हेच म्हणाली होती. मी हात मागं घेतला.

संध्याकाळी उमरीहून, मावशीकडून परतलो. चादर काढली. सातही मासे उलटे तरंगत होते. त्यांच्यामधून बुडबुडे नेमानं वर येत होते. आई दारातच उभी राहिली.

"मोटर चालू हाय ना?"

"हाव."

तेव्हा मी तिला दोष दिला होता. पण ती नुसती बोलली होती, थांबलो मी होतो.

मासे मी परसात पुरले. मोटर पुढं दोन दिवस चालू होती. आम्ही दोघं तिच्यासमोर बसून जेवलो, बटण कुणीच बंद केलं नाही.