बूच न काढता

माझं नाक गेलं हे मला फोडणी जळल्यावर कळलं. तापातून उठले होते, अंगात बरी ताकद आली होती, म्हणून गॅससमोर उभी राहिले. मोहरी तडतडली, हिंग घातला आणि फोनवर बोलत राहिले. नवरा नाकाला रुमाल लावून आत आला. "काय जाळून राहिली?" म्हणाला. कढई काळी ठिक्कर पडली होती आणि मी तिच्यापासून हातभर अंतरावर उभी होते.

दुसऱ्या कोणाचं नाक गेलं असतं तर गैरसोय झाली असती. माझा धंदाच नाकावर चालतो. अमरावतीला आमच्या घरामागे टिनाची मोठी शेड आहे. तिथे आम्ही पाचसहा बायका मसाला, लोणचं, पापड, शेवया करतो. निम्मा माल इथे खपतो, निम्मा अकोल्याला माझी धाकटी जाऊ खपवते. पापडाला नाक लागत नाही. मसाल्याला लागतं. किती धने, किती मिरची, हे कोणालाही सांगता येतं. धने कढईतून कोणत्या घटकेला उतरवायचे हे सांगता येत नाही, ते वास सांगतो. तो क्षण चुकला की मसाला एकतर कच्चा राहतो नाहीतर करपतो.

त्या हंगामात जाऊ अकोल्याहून येऊन कढईपाशी उभी राहिली. मसाला झाला, विकलाही गेला, पण उन्हाळा संपायच्या आत गिऱ्हाइकांचे फोन यायला लागले. यंदा करपट लागून राहिला म्हणे. जाऊ स्वभावानं सरळ आहे. तिनं गोष्ट गुळमुळीत ठेवली नाही.

"ताई, मले विकता येते. भाजता येत नाई," ती म्हणाली. "तुमचं नाक नसन तर मसाला बंद करू. नाव खराब कराची काय गरज हाय?"

मलाही ते पटलं. पुढच्या होळीला नवी मिरची बाजारात येईपर्यंत वाट पाहायची, तोवर नाक आलं नाही तर मसाला बंद, पापड-शेवयांवर भागवायचं, असं आम्ही दोघींनी ठरवलं. पापडाला पाचसहा बायका लागत नाहीत, हे शेडमध्ये सगळ्यांना माहीत होतं.  रोज सकाळी एकजण तरी विचारायचीच, "ताई, आलं का हो?"

अकोल्याच्या नाकाच्या डॉक्टरांनी औषधापेक्षा सराव सांगितला. लवंग, लिंबू, गुलाब आणि निलगिरीचं तेल, सकाळ-संध्याकाळ, डोळे मिटून हुंगायचं. वास परत येताना वेडावाकडा येऊ शकतो, हेही त्यांनी बजावलं. चहाला रॉकेलचा वास येईल, काहीच नसताना कसला तरी वास येईल. त्याला नाक आलं असं समजायचं नाही.

मी इमानानं हुंगत राहिले. लवंग तर पहिल्या आठवड्यातच यायला लागली. मी खूश. मग एके दिवशी नवऱ्यानं लवंगेच्या डबीत काडेपेटीच्या काड्या भरून ती माझ्या नाकाखाली धरली. मला लवंगच आली. म्हणजे वास नाकात नव्हता, डोक्यात होता. जन्मभर मसाला केलेल्या बाईला लवंगेची डबी हातात आली तरी पुरते.

जावेची मुलगी नाशिककडे वाईनच्या कारखान्यात कामाला आहे. जाऊ नातेवाइकांत 'द्राक्षाच्या कंपनीत' एवढंच सांगते. दिवाळीला आम्ही अकोल्याला जमलो तेव्हा काडेपेटीची गोष्ट निघाली. सगळे हसले. ही हसली नाही.

"मोठ्याई, तुला असा वास पाहिजे जो तुझ्या डोक्याला ठाऊकच नाही," ती म्हणाली. "तू वाईन कधी घेतलीय?"

"आता मोठ्याईले दारू पाजतं काय?" जाऊ स्वयंपाकघरातून म्हणाली.

"वाईन आहे ती, आई."

"वाईन म्हनजे शिकलेली दारू."

पुतणीनं बॅगेतून एक बाटली काढली आणि बाटलीबरोबर एक यंत्र. मूठभर आकाराचं, काळं, लहान मुलांच्या पिचकारीसारखं. खाली लांब बारीक सुई आणि मुठीत गॅसची छोटी नळकांडी. बाटलीचं बूच काढायचंच नाही. यंत्र बाटलीच्या तोंडावर बसवायचं, सुई बुचातून खाली दाबायची, बाटली तिरपी करून खटका ओढायचा. गॅस आत जातो, तेवढी वाईन सुईतून बाहेर येते. सुई वर ओढली की बूच आपोआप मिटतं. एक पेला घ्या नाहीतर अर्धा घोट, राहिलेली वाईन महिनोन्महिने जशीच्या तशी.

"उघडी बाटली हवेनं उतरते," ती सांगू लागली. "आठवड्यात आंबट होते. मग तुझं नाक बदललं की वाईन बदलली, हे कळणार कसं? ही बदलणार नाही. काही बदललं तर ते तुझं नाकच असेल."

तिची बरंच समजावायची तयारी होती, पण मला तेवढ्यात कळलं. लोणच्याच्या बरणीत वर तेलाचा थर ठेवतो तो कशासाठी? हवा लागू नये म्हणून. हिनं तेलाच्या जागी गॅस ठेवला होता.

अमरावतीला आल्यावर दर रविवारी दुपारी जेवणाआधी दोन घोट, असा नेम सुरू झाला. मी पुढच्या खोलीत खुर्ची टाकून बसायची, नवरा खटका ओढायचा. त्याला ते काम फार आवडलं.

"बाटली उघडली नाई अन् आतली कमी होऊन राहिली," तो म्हणायचा. "हे तर हातभट्टीवाल्यायलेही जमलं नसतं."

शेडमध्ये बातमी लपून राहणार नव्हतीच. सोमवारी सकाळी आमच्यातली सगळ्यात जुनी बाई पापडाचं पीठ कुटता कुटता विचारायची, "ताई, औषध घेतलं का हो काल?" आणि बाकीच्या पदर तोंडाला लावायच्या.

"घेतलं."

"चढलं?"

"तुझ्या तंबाखूएवढंही नाही," मी म्हणायची.

वाईनबद्दल मला काही काव्य सांगता येणार नाही. जीभ शाबूत होती, त्यामुळे आंबट आणि तुरट कळायचं, घशात थोडं ऊन लागायचं. बस. पुतणीनं सांगितलं होतं की यात जांभूळ आहे, मिरी आहे, जुन्या लाकडाचा वास आहे. मला चिंचेच्या पाण्यात औषध कालवल्यासारखं वाटायचं. थंडी पडली, संक्रांत गेली, तरी तेच. पण तेच हे मला नक्की माहीत होतं, हाच त्या यंत्राचा उपयोग. मनाची समजूत घालायला जागा नव्हती.

मग एका रविवारी घोट गिळल्यावर मागून काहीतरी आलं. नाव देता येईना. बंद पेटी बऱ्याच दिवसांनी उघडावी तसं. आलं आणि गेलं. मी नवऱ्याला सांगितलं नाही, पुढच्या रविवारची वाट पाहिली. पुन्हा आलं. तेव्हा सांगितलं. त्यानं माझ्यासाठी पेल्यात आणखी दोन घोट काढले.

त्याच सुमारास नांदगाव खंडेश्वरहून नवऱ्याच्या मामांकडची मंडळी राहायला येणार होती. माळकरी माणसं, कांदासुद्धा न खाणारी. पुढच्या खोलीत बाटली दिसायला नको म्हणून मी बाटली आणि यंत्र शेडमागच्या मसाल्याच्या खोलीत नेलं. पुतणीनं थंड आणि अंधारी जागा सांगितली होती, आणि आमच्या घरात त्यासारखी थंड अंधारी जागा दुसरी नाही. तिथलं लोखंडी कपाट घट्ट बंद होतं, त्यात ठेवलं. हंगामाचा हिंग आम्ही याच कपाटात ठेवतो, कारण हिंग घट्ट बंद ठेवावा लागतो. आता वाचताना कोणालाही जे दिसेल ते तेव्हा मला दिसलं नाही. दिसायला नाक लागतं.

पाहुणे राहून गेले. पुढच्या रविवारी मी सुई नेहमीसारखी पाण्याखाली धरून धुतली, नवऱ्यानं खटका ओढला. पहिल्याच घोटाला हिंग आला. भसकन. पेटीचा वास नाही, लाकूड नाही, हिंग.

"याले हिंगाचा वास येते का?" मी नवऱ्याला विचारलं.

त्यानं हुंगलं. तो जन्मभर तंबाखू खाल्लेला माणूस. "मले तर दारूचाच येते," म्हणाला.

मी उठून तडक मसाल्याच्या खोलीत गेले, हिंगाचा डबा उघडून नाक आत घातलं. काही नाही. वाईनमध्ये हिंग येतो आणि हिंगाच्या डब्यात येत नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं तेच हे, वेडावाकडा वास. पेटीचा वासही तसलाच असणार. मी डबा बंद केला आणि हात धुतले.

रडारड मला जमत नाही. दुसऱ्या दिवशी अकोल्याच्या मिरचीवाल्या चाचांना फोन लावला आणि यंदा माझ्या नावाची मिरची ठेवू नका म्हणून सांगितलं.  "भाभी, बाजार गरम आहे म्हनून घाबरून राहिल्या का?" त्यांनी विचारलं. मी तब्येतीचं कारण दिलं. शेडमध्येही सांगितलं. जुनी बाई म्हणाली, "आमी आहो ना ताई, पापड लाटू." पिठाचा गोळा तिनं पुन्हा पुन्हा मळला.

त्याच आठवड्यात, होळीच्या आधी, पुतणी अकोल्याला आली होती. यंत्र तिचं तिला परत द्यावं म्हणून मी पिशवीत बाटली आणि यंत्र घालून बडनेऱ्याहून गाडी धरली. मूर्तिजापूर गेलं तरी जावेला काय सांगायचं याचीच मनात जुळवाजुळव चालली होती. शेवटी काही जुळवलं नाही. दारातच सांगून टाकलं, "मसाला बंद. मी चाचाले नाई म्हटलं."

जावेनं पाण्याचा पेला हातात दिला. "बसा तरी," म्हणाली.

पुतणीनं यंत्र तपासायचं म्हणून बाटलीवर चढवलं आणि दोन बोटं वाईन पेल्यात काढली. पेला नाकाशी नेला आणि लगेच लांब धरला.

"मोठ्याई, ही बाटली कुठं ठेवली होती?"

"काहून?"

"हिंग येतोय याला."

मी खुर्चीतून उठले. "पुन्हा सांग."

"हिंग. बघ ना, आई."

जावेनं पेला हुंगला आणि तोंड वाकडं केलं. "अवं बाई. वरणात घातलं तर फोडनी नाई लागत."

पुतणीनं यंत्राचे भाग सुटे केले. सुईच्या बुडाशी रबराची कडी होती, ती तिनं माझ्या नाकाखाली धरली. आला. स्वच्छ, कडक, हिंग. मी तिला कपाटाचं सांगितलं. ती डोक्याला हात लावून हसत सुटली. रबर वास शोषून घेतं, नुसत्या पाण्यानं तो जात नाही, आणि तीच सुई आम्ही बुचातून वाईनमध्ये घालत होतो.

"पण मले डब्यात काहून आला नाई?"

"त्या खोलीत उभी राहून हुंगलं ना? तिथं सगळीकडे हिंगच. तिथं माझंही नाक मिनिटात बसलं असतं."

खरं होतं. नाक धड होतं तेव्हाही मला त्या खोलीत हिंग येत नसे. बाहेरून आलेली माणसं म्हणायची, इथं किती हिंग येतो, आणि आपण हसायचो.

जावेनं मग मला अंगणात बसवलं, डोळ्यांवर ओढणी बांधली आणि घरातलं एकेक आणून नाकाखाली धरायला लागली. काय धरलं ते सांगायचं नाही आणि डबी हातात द्यायची नाही, ही अट मीच घातली. कोथिंबीर नाही आली. अगरबत्ती आली. लवंग पुसट आली, पण तिनं काड्या धरल्या तेव्हा काहीच आलं नाही, आणि ते लवंग येण्यापेक्षा मला मोठं वाटलं. धने भाजून आणले तेव्हा मी पुन्हा पुन्हा हुंगलं. गरम काहीतरी, भाजलेलं, एवढं कळलं. कच्चं की करपलेलं ते नाही.

"म्हनजे अर्धं आलं," जाऊ म्हणाली.

"अर्ध्याहून कमी."

"मग अर्धी मिरची घ्या. राहिलेलं नाक मी देतो."

त्याच दुपारी आम्ही तिघी बाजारात गेलो. चाचांनी मला पाहून हातातला तराजू खाली ठेवला. "परसू तर नाई म्हनल्या होत्या, भाभी."

"आज हो म्हणून राहिली. दाखवा."

त्यांनी दोन पोती उघडली. पहिल्यातली मिरची मोडून नाकाशी धरली तर नुसती झिणझिण आली. ती नाक नसलेल्यालाही येते. दुसऱ्या पोत्यावर वाकले आणि थांबले. काहीतरी दमट, बंद. मी काही न बोलता जावेकडे पोतं सरकवलं.

"कुबट हाय," जाऊ म्हणाली.

"मलेही तेच वाटलं."

चाचा हसले आणि माणसाला आतलं तिसरं पोतं आणायला सांगितलं. नेहमीच्या निम्मी मिरची घेतली. धने भाजायच्या दिवशी जाऊ माझ्या शेजारी उभी राहणार आणि कढई उतरवायची ती आम्ही दोघी हो म्हटल्यावरच, असं ठरलं. अमरावतीला फोन करून जुन्या बाईला शेड झाडून ठेवायला सांगितलं. "आलं का हो?" ती म्हणाली. येऊन राहिलं, मी सांगितलं.

यंत्राची रबरी कडी बदलून पुतणी नवी बाटली आणणार आहे. ती पुढच्या खोलीत टेबलावर राहील. नांदगावची मंडळी आली तर त्यांना काय सांगायचं ते नवरा बघेल.