कावळा आणि ग्राफिक्स कार्ड

माझ्या नवऱ्याच्या दहाव्याला कावळा येईना. आमच्या भागातल्या घाटावरचे कावळे तसे उपाशी नसतातच. उपनगरात रोज कोणाचा ना कोणाचा दहावा असतो, त्यामुळे भाताचं त्यांना अप्रूप राहिलेलं नाही. शेडच्या पत्र्यावर चार-पाच जण बसले होते आणि पिंडाकडे अशा नजरेने बघत होते, जशी आपण सलग तिसऱ्या लग्नात तेच श्रीखंड बघतो.

गेलेल्या माणसाची काही इच्छा मागे राहिली असेल तर कावळा शिवत नाही, असं आपल्यात मानतात. मग जमलेली माणसं अंदाजाने एकेक वचन देत जातात. धाकटे दीर पुढे झाले. हात जोडून म्हणाले, आईची काळजी करू नकोस, मी दर रविवारी येईन. कावळे हलले नाहीत. दिरांनी वाढवून सांगितलं की दरवर्षी तिला गावी घेऊन जाईन. एका कावळ्याने पाठ फिरवली. गुरुजींनी तोवर दर्भाचा कावळा वळायला घेतला होता, कारण मागे दुसरं कुटुंब ताटकळत उभं होतं. वळता वळताच ते मला म्हणाले, तुम्ही बोलून बघा काहीतरी.

मी पुस्तकांची प्रुफं तपासते. छापलेल्या वाक्यातली चूक मला लगेच दिसते, पण स्वतःचं वाक्य तोंडातून निघायला वेळ लागतो. मी विचार केला, या माणसाला आयुष्यात नेमकं काय हवं होतं? मासे त्याला मिळत होते. पुस्तकं मी आणत होते. विमा कंपनीतली नोकरी त्याने तक्रार न करता केली. त्याचं खरं वैर जगात एकाच गोष्टीशी होतं. मी हळूच म्हटलं, "तुझ्या कॉम्प्युटरवर विंडोज घालू देणार नाही."

कावळा सरळ खाली आला. नुसता शिवला नाही, चांगला मोठा घास घेऊन भिंतीवर जाऊन बसला.

दिरांनी त्या कावळ्याला अजून माफ केलेलं नाही.

आता घरातल्या मंडळींबद्दल. चारकोपच्या आमच्या दोन खोल्यांत आता मी आणि सासूबाई राहतो. त्या ऐंशीच्या पुढच्या, मूळच्या मालवणकडच्या. एरवी आमच्यासारखं बोलतात, वैतागल्या की मालवणीवर येतात. आणि बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात नवऱ्याचा काळा डबा आणि भलामोठा मॉनिटर. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स. लोकांचे नवरे पत्ते खेळतात, शेअर घेतात. आमचा लिनक्स वापरायचा आणि घरी आलेल्या पाहुण्याला पोहे खाऊन होईपर्यंत त्याचे फायदे सांगायचा. पाहुणे पोहे भरभर खायचे.

त्या डब्यात त्याने कुठूनसं एक ग्राफिक्स कार्ड आणून बसवलं होतं. आमच्याकडे गेम कोणी खेळत नाही. पण त्याला जिथेतिथे व्हिडिओ काढायची हौस होती, तेही इतक्या बारीक तपशिलांचे की मामेसासऱ्यांच्या दाढीचे खुंट मोजता यावेत. असा व्हिडिओ उलगडून दाखवायचं काम मुख्य प्रोसेसरला झेपत नाही, ते कार्डाने करायचं असतं. त्याला हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन म्हणतात, हे मला लग्नानंतर सांगितल्या गेलेल्या अनेक निरुपयोगी गोष्टींपैकी एक म्हणून ठाऊक होतं.

त्यातला एक व्हिडिओ गावच्या गणपतीचा होता. कॅमेरा कोणा पुतण्याच्या हातात असावा, कारण नवरा स्वतः त्यात आहे. आरती कुठल्या लयीत म्हणावी हे तो सगळ्यांना समजावतो, मग सुरुवात करतो, दुसऱ्या कडव्याला शब्द विसरतो आणि हसत सुटतो. सासूबाई रोज दिवेलागणीनंतर खुर्ची ओढून तो बघतात. फोनवर त्यांना दिसत नाही. फोनात तो मुंगीएवढा असतो, असं त्यांचं म्हणणं.

एक दिवस कोपऱ्यातून सूचना आली की नव्या आवृत्त्या आल्या आहेत, घेऊ का? मी प्रुफांची माणूस, सुधारित आवृत्तीला नाही म्हणणं मला जमत नाही. हो म्हटलं. मध्येच त्याने एक पासवर्ड ठरवायला सांगितला, तो मी ठरवला. मग कॉम्प्युटर बंद होऊन चालू झाला, आणि अख्खा पडदा निळा झाला. निळ्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं.

मी विंडोज पाहिलेलं होतं ते ऑफिसांमध्ये आणि बँकेच्या काउंटरमागे, आणि ते बिघडलं की निळं होतं एवढंच मला माहीत. मला वाटलं, शिरलं हे घरात. आता काय तोंड दाखवू? मी घाईघाईने 'पुढे चला' या अर्थाचा पर्याय दाबला आणि निळा पडदा घालवून दिला.

लिनक्स आलं, पण ओळखू येईना. अक्षरं पहिलीच्या पुस्तकातल्यासारखी मोठाली, चित्रं ताणलेली. डब्यातला पंखा पिठाच्या गिरणीसारखा ओरडू लागला. संध्याकाळी व्हिडिओ लावला तर आवाज पुढे आणि तोंड मागे. नवरा एक हात वर करायचा आणि तसाच राहायचा, मग एकदम दोन वाक्यांनंतरच्या जागी उडी मारायचा.

"हो असो अडकत अडकत कित्याक बोलता गो?" सासूबाईंनी विचारलं. मग स्वतःशीच म्हणाल्या, जिवंतपणी कोणासाठी थांबला नाही, आता थांबतोय.

दिरांना फोनवर हे कळलं. त्यांचा आवाज इतका खुलला की मला त्यांचा राग येईना. ते म्हणाले, "वहिनी, रविवारी पेनड्राइव्ह घेऊन येतो. जेवायच्या आत विंडोज टाकू. आईचा विचार करा जरा."

"मी शब्द दिलाय, भावोजी."

"कावळ्याला?"

"त्याला."

"अहो, त्या कावळ्याला भूक लागली होती."

"तुम्ही बोलत होता तेव्हाही लागलेली असणार ना?"

मग ते म्हणाले, रविवारी येतो, आणि फोन ठेवला. आईसाठी ते येणार हे नक्कीच होतं, घाटावर बोलल्यापासून त्यांनी एकही रविवार चुकवला नव्हता. मला वाटतं, हेच त्यांना जास्त लागलं होतं. इतका खरा शब्द, आणि कावळ्याने पाठ फिरवली.

माझ्याकडे रविवारपर्यंतचा वेळ होता. तोवर व्हिडिओ नीट चालला नाही तर दिरांना अडवायला माझ्याकडे कारण उरणार नव्हतं. म्हातारीला मुलगा बघायला मिळत नाही आणि सून कावळ्याचा मान राखत बसली आहे, हे मलाही पटलं नसतं.

मी इंटरनेटवर लिनक्सवाल्यांच्या फोरमवर विचारलं. तिथली माणसं आपल्या सोसायटीच्या सभेतल्या माणसांसारखीच असतात. एक जण म्हणाला, आधी लॉग दाखवा. दुसऱ्याने मी हे कार्ड मुळात घेतलंच का असं विचारलं. कार्ड घेणारा वारला आहे असं मी लिहिलं, तेव्हा तो म्हणाला की वाईट वाटलं, पण तरी दुसऱ्या कंपनीचं घ्यायला हवं होतं.

लॉग म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना स्वतःशी जे पुटपुटतो ते. ते वाचायला मात्र मी जन्माला आले होते. पानंच्या पानं, आणि बहुतेक सगळी कुरकुर. हे सापडलं नाही, ते जुळलं नाही, पण चालवून घेतो. लग्नघरातल्या आत्याबाईंसारखं. त्या गर्दीत एक ओळ वेगळी होती: कार्डाच्या ड्रायव्हरला आत घेतलं नाही, कारण त्याची सही ओळखीची नाही.

मग उलगडलं. कार्ड चालवणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. नवा ड्रायव्हर आला की त्याची सही आपल्या ओळखीची आहे, असं मालकाने एकदा स्वतः सांगावं लागतं. तो निळा पडदा तेवढंच विचारायला आला होता. विंडोजचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. त्याला माझा पासवर्ड हवा होता आणि मी त्याला दारातून हाकललं होतं. शब्द पाळायच्या नादात मी नवऱ्याचंच कार्ड बंद पाडलं.

निळ्या पडद्याला पुन्हा बोलवायची आज्ञा शोधून दिली. तो आला तेव्हा मी कुकर बंद करायला गेले होते. तो काही क्षणच थांबतो, कोणी बोललं नाही तर निघून जातो. पुन्हा बोलावला. या वेळी समोर बसून राहिले, सही ओळखीची आहे म्हणून सांगितलं, पासवर्ड दिला. अक्षरं बारीक आणि रेखीव झाली. गिरणी थांबली.

पण व्हिडिओ लावला की पुन्हा सुरू. नवरा अजून अडकत होता. शनिवारची अर्धी रात्र त्यात गेली. शेवटी कळलं की व्हिडिओ दाखवणारा प्लेअर कॉम्प्युटरच्या आतच आपल्या वेगळ्या कप्प्यात राहतो आणि त्या कप्प्यात ड्रायव्हरची स्वतःची प्रत असते. बाहेर नवी आवृत्ती, आत जुनी. एका पुस्तकात दोन आवृत्त्यांच्या पानांचे फर्मे बांधले गेले तर जे होईल तेच झालं होतं. या चुकीवर मी आयुष्यभर पैसे कमावले आहेत. आतली प्रतही नवी करून घेतली.

रविवारी दीर सुरमई आणि पेनड्राइव्ह घेऊन आले. सासूबाईंना दिवसाउजेडीच खुर्ची दिली. मी व्हिडिओ लावला. नवरा लोण्यासारखा सरकत बोलला, आरतीला लागला, विसरला, हसला. पंख्याचा आवाजही नाही. दिरांचा पेनड्राइव्ह खिशातच राहिला.

"झाला?" सासूबाई म्हणाल्या.

"झाला की. बघा, कुठे अडकला नाही."

"एवढ्यात?" त्या पडद्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "कालच्यासारखा कर गो. थांबत होतो तेवा माका बघूक तरी गावत होतो."

आठवडाभर मी त्याचं थांबणं दुरुस्त करत होते. त्या रोज संध्याकाळी एका जागी थांबलेल्या त्याच्या तोंडाकडे निवांत बघत होत्या, आणि हे मला विचारायचं सुचलंच नव्हतं.

मी व्हिडिओ पुन्हा लावला आणि त्यांचं बोट धरून कीबोर्डवरच्या सगळ्यात लांबलचक बटणावर ठेवलं. हे दाबलं की थांबेल, परत दाबलं की बोलेल. त्यांनी दाबलं. नवरा हसता हसता तोंड उघडं आणि एक डोळा अर्धा मिटलेला असा थांबला. जिवंत असता तर असला फोटो त्याने पुसायला लावला असता.

"आता बरो," त्या म्हणाल्या.

दिरांनी पेनड्राइव्ह बाहेर काढून माझ्यापुढे धरला. "वहिनी, मलाही द्या ना हा व्हिडिओ. घरी माझ्याकडे विंडोज आहे, चालेल ना?"

"चालेल," मी म्हटलं. "तुमच्या घराबद्दल मी काही बोलले नव्हते."

कॉपी व्हायला वेळ लागत होता. दीर स्टूल घेऊन आईशेजारी बसले आणि लहानपणी भाऊ आरतीत काय काय गोंधळ घालायचा ते सांगू लागले. सासूबाईंनी बटण दाबलं. पडद्यावर आरती पुढे सुरू झाली.

"गप रव," त्यांनी धाकट्याला सांगितलं. "तो बोलता हा."