गप्प बसलेली सभा

नीलांबरी वझलवारला किळस यायला फार काही लागत नसे. मंडळाच्या गणपतीत कुणीतरी मोदकाची प्लेट हातात घेऊन हसतहसत विचारायचं, "मग काय हो, तुमचे ते बेटांवरचे लोक अजून माणसं खातात का?" की झालं, हिचं तोंड कडू. पंचवीस-तीस वर्षं ही बाई मेलनेशियावर काम करतेय, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येला पसरलेल्या त्या बेटांवर. तिथली गावं आपला कारभार कसा करतात, भांडणं कशी मिटवतात आणि बाहेरून आणलेला विकास तिथे दरवेळी का आपटतो, हा तिचा अभ्यास. मूळची नागपूरची. वॉशिंग्टनला एका विद्यापीठात शिकवते, राहते अ‍ॅशबर्नला, नवरा यतीन तिथेच एका डेटा सेंटरमध्ये. इतकं सगळं करून लोकांनी विचारायचं काय, तर माणसं खातात का! शी!

सॉलोमन बेटांतलं तावोलो हे तिचं गाव. गाव तिचंच म्हणायचं, कारण तिथल्या रूथनं तिला बहीण मानलं होतं, आणि गावचा प्रमुख असलेल्या रूथच्या मामानं भर सभेत 'ही आपली' म्हणून सांगून टाकलं होतं. त्या गावात पाहुण्याच्या तोंडावर कुणी नाही म्हणत नाही. ते अगदीच वाईट दिसतं. गोष्ट पटली नाही तर माणसं गप्प बसतात आणि शेवटी मांडलेल्या जेवणाला हात न लावता उठून घरी जातात. संपलं. तो नकार. हे समजायला नीलांबरीचा पहिला अख्खा मुक्काम गेला होता, आणि तिचं सगळं पुस्तक त्यावरच उभं होतं.

तर एका शनिवारी परीक्षित घरी आला. पुण्याचा, गोडबोल्या, वॉशिंग्टनमधल्या एका सल्लागार कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. थालीपीठ आणि लोण्याचं तोंडभर कौतुक करत त्यानं लॅपटॉप उघडला. तावोलोच्या मागचा डोंगर एका खाणकंपनीला हवा होता, आणि गावाची संमती आहे की नाही हे सांगायचं काम परीक्षितच्या कंपनीला मिळालं होतं. सभेचा व्हिडिओ लागला. झावळ्यांच्या छपराखाली सगळं गाव बसलेलं, समोर खाणीचा माणूस हातवारे करत बोलतोय. मंडळी गप्प. शेवटी रिकामा मांडव, आणि केळीच्या पानांवर मासे, रताळी, अळूचे कंद जसेच्या तसे. वर माश्या घोंगावतायत.

"बघा ताई, एकही ऑब्जेक्शन नाही. किती पेशन्टली ऐकलं लोकांनी! सोशल एक्स्पर्ट म्हणून तुमची साइन फक्त हवीय."

"अरे, ते जेवण बघ," नीलांबरी म्हणाली. "कुणी शिवलंय तरी का? नाही म्हणतायत ते तुला. धडधडीत नाही."

"नसेल भूक," परीक्षित म्हणाला आणि त्यानं आणखी एक थालीपीठ वाढून घेतलं.

लोणी त्याच्या बोटांवरून ओघळत होतं. त्या डोंगरातून गावाचं पाणी येतं, डोंगरावर त्यांचे पूर्वज पुरलेत, आणि हा बसलाय इथे मिटक्या मारत! तिनं स्पष्ट सांगितलं, "मी सही करणार नाही. माझं नाव यात मुळीच घालायचं नाही."

परीक्षित रागावला नाही. त्याचीच जास्त किळस आली तिला. हात पुसत तो म्हणाला, "युअर कॉल, ताई. तुमच्या डिपार्टमेंटची ग्रँट या फॉलमध्ये आमच्याकडूनच रिन्यू व्हायचीय ना? असंच आपलं आठवलं." आणि जाताना उरलेली थालीपीठं डब्यात भरून घेऊन गेला, निर्लज्ज मेला.

पुढच्या महिन्यात अहवाल बाहेर आला. सही दुसऱ्याच कुणाची होती. पण आत लिहिलं होतं, 'डॉ. वझलवार यांच्या संशोधनानुसार या समाजात निर्णय सर्वसंमतीने होतात. सभेत कोणीही विरोध नोंदवला नाही.' पहिलं वाक्य तिचंच, तिच्याच पुस्तकातलं. त्याच्या पुढे जेवणाबद्दल जे काही लिहिलं होतं, ते अर्थातच गायब. छापलेल्या पुस्तकाचा हवाला कुणीही द्यावा, त्याला अडवणार कोण? तिला वाटलं, आयुष्यभर आपण जे शिजवलं त्यात कुणी थुंकून ते गावाला वाढलंय.

तिनं तिथल्या सरकारला, वर्तमानपत्रांना एक जळजळीत ईमेल लिहायला घेतला. यतीन मागे येऊन वाचत उभा राहिला.

"सोड ना यार. ग्रँट गेली तर तुझ्या हाताखालच्या मुलांचं काय? त्यांचे व्हिसा आहेत त्यावर. आणि तू नाही म्हणालीस ना? सही केली नाहीस. यू आर क्लीन."

यतीनचं काही अगदीच चूक नव्हतं. दोन मुलांचे चेहरे तिच्या डोळ्यांपुढे आले. रिन्यूअल होऊ दे, मग बघू, असं म्हणून तिनं ईमेल ड्राफ्टमध्ये ठेवला. आपण तर नाही म्हटलंय, असं ती मग भांडी घासताना, गाडी चालवताना स्वतःला बजावत राहिली. ग्रँट रिन्यू झाली. त्यानंतरही ईमेल तिथेच होता.

ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी ती इंडियन ग्रोसरीतून पिशव्या घेऊन बाहेर पडत होती, तेवढ्यात रूथचा फोन आला. रूथच्या मागे कसली तरी घरघर ऐकू येत होती.

"रस्ता करतायत," रूथ म्हणाली. "डोंगरावर जायचा. मामानं अंगठा दिला."

"मामानं? अगं, पण तुम्ही तर जेवला नव्हता! मी पाहिलं ना."

"नव्हतोच जेवलो. म्हणून खाणवाले परत आले. या वेळी कागदातून तुझं नाव वाचून दाखवलं. मामा म्हणाला, आपल्या नीलांबरीचं नाव आहे, म्हणजे तिनं बघितलंय. वाईट असतं तर ती बोलली असती. मग सगळे जेवले."

 नीलांबरीनं पिशव्या तिथेच खाली ठेवल्या.

"रूथ, मी नाही म्हटलं होतं गं. अगदी स्पष्ट नाही म्हटलं होतं."

"कोणाला?"

"परीक्षितला. त्या अहवालवाल्याला, माझ्या घरी."



"तो आमचा कोण?" रूथनं विचारलं.